हजेरी उभी नको, आडवी वाचा

सर, तुमचा प्रश्न नीट वाचला. दोनशिक्षकी शाळा, पहिली ते पाचवी, पट ४१ आणि रोज वर्गात २४ ते २७ लेकरं. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस ठेवून पाहिलं, पालकांच्या ग्रुपवर गैरहजर मुलांची नावं टाकून पाहिली, पालकसभा घेतली तर ९ जण आले आणि ते पण ज्यांची लेकरं रोज येतात तेच, दोन मुलं दिवाळीपासून दिसलीच नाहीत, केंद्रप्रमुख रिपोर्ट मागतायत आणि तुम्ही विचारताय की सुरुवात कुठून करू. नोकरीचं दुसरंच वर्ष आहे म्हणता. मी २८ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली, बहुतेक सगळी बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, जिथून दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जातं. त्यामुळे खाली जे सांगते ते सगळं करून बघितलेलं आहे, त्यातलं काही चुकलेलं पण आहे, ते पण सांगते.

सुरुवात कॅटलॉगपासून, म्हणजे हजेरीपटापासून करा. तुम्ही म्हणाल कॅटलॉग तर रोज भरतोच, पण आपण तो उभा वाचतो. म्हणजे आजच्या तारखेच्या रकान्यात वरून खाली आलो, किती हजर ते मोजलं, खाली बेरीज मांडली, तो आकडा पोषण आहाराच्या माहितीत भरला, तांदूळ काढून दिला, संपलं. त्या बेरजेतून तुम्हाला कळतं आज २५ आले. उद्या पण २५ येतात. पण ते २५ तेच असतात का? नसतात. लेकरू उभ्या रकान्यात सापडत नाही, ते आडव्या ओळीत असतं. एक दिवस शाळा सुटल्यावर तासभर बसा, जून-जुलै सोडा, ऑगस्टपासूनचे महिने घ्या, एकेका मुलाची ओळ डावीकडून उजवीकडे बोटाने वाचत जा आणि गैरहजरीच्या जागेवर पेन्सिलने गोल करा. कोणत्या वारी, किती सलग, कशानंतर. ४१ ओळी आहेत, फार नाहीत.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा नोकरीला सात-आठ वर्षं झाली होती आणि तोपर्यंत मी सरसकट म्हणत होते की इथल्या पालकांना शिक्षणाचं काही नाही. त्या दिवशी ओळी वाचल्या तर ५ लेकरं फक्त बाजाराच्या दिवशी गायब, कारण माय-बाप बाजाराला गेले की घर आणि शेळ्या त्यांच्यावर. तीन जण सोमवारी नसायचे, शनिवारी दुपारी मामाच्या गावाला गेले की मंगळवारीच उगवायचे. दोन वस्तीवरची, पाऊस झाला की दोन दिवस नाही, कारण मध्ये ओढा. आणि दोन बहिणी, एक चौथीत एक दुसरीत, त्यांच्या ओळी तर मी एकाखाली एक धरून बघत बसले. एक हजर त्या दिवशी दुसरी गैरहजर, दुसऱ्या दिवशी उलटं. तीन महिन्यांत दोघी एकाच दिवशी शाळेत आल्या असे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. उभ्या बेरजेत हे कधीच दिसलं नसतं, कारण दोघींपैकी एक तर हजर असायचीच ना.

घरी गेले तर आठ महिन्यांचा भाऊ. माय कापूस वेचायला जायची, दिवसाच्या वेचणीवर घर चालतं, बाळ कुणाकडे ठेवणार, म्हणून पोरींनी आपसात वाटून घेतलं होतं, एक दिवस तू एक दिवस मी. कुणी सांगितलं नव्हतं, मायनेसुद्धा नाही, त्यांनीच ठरवलेलं. दोघींना शाळा हवी होती सर. मी त्यांना वर्गात 'काल का नाही आलीस' म्हणून उभं करत होते. अंगणवाडीत विचारलं तर तिथे दिवसभर बसायला तीन वर्षांच्या वरचीच घेतात, एवढं लहान बाळ कोण सांभाळणार. मग शाळेच्या भिंतीला लागून एक म्हातारी राहायची, तिचं कुणी नव्हतं, तिला विनंती केली, तिच्या ओसरीत झोळी बांधली, मधल्या सुट्टीत बहिणी जाऊन बघून यायच्या, बाळ फारच रडलं तर एकजण त्याला घेऊन वर्गातच बसायची. वर्गात बाळ असलं तर शिकवताना त्रास होतो, मान्य. पण चौथीतली पोरगी मांडीवर बाळ घेऊन भागाकार करते आणि घरी बसून तो करत नाही, यातलं काय बरं, हे तुम्हीच ठरवा. पुढच्या दोन महिन्यांत दोघींच्या ओळी भरल्या.

मला मुख्य सांगायचंय ते हेच. गैरहजेरी ही एक गोष्ट नाहीये. तुमच्याकडे १५ लेकरं येत नाहीत म्हणजे १५ वेगवेगळी कारणं असू शकतात, निदान सहा-सात तर असतातच, आणि तुम्ही सगळ्यांवर एकच उपाय करताय, बक्षीस, ग्रुप, सभा. खरजेला आणि तापाला एकच गोळी दिल्यासारखं होतंय ते. आणि हे काही फक्त तुमच्या गावाचं नाही. असर म्हणून गावोगावच्या लेकरांच्या शिक्षणाचं सर्वेक्षण होतं, त्याचा २०२४ चा अहवाल बघा, देशात ग्रामीण भागातल्या ६ ते १४ वयाच्या लेकरांची नावं शाळेत आहेत ९८ टक्के, पण सर्वेक्षणवाले ज्या दिवशी सरकारी शाळेत गेले त्या दिवशी प्राथमिकच्या वर्गांत चारातली साधारण तीनच बसलेली. म्हणजे नाव घालण्याची लढाई आपण बऱ्यापैकी जिंकलो, रोज आणून बसवण्याची अजून चालू आहे.

आता बक्षिसाचं. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस आधी बंद करा. मी पण द्यायचे, पेन, वही, कंपास. काय होतं बघा, दर महिन्याला तीच चार लेकरं घेतात, ज्यांची घरं शाळेला लागून आहेत आणि ज्यांच्या घरी कुणीतरी डबा-दप्तर बघणारं आहे. एका पोराला अंगात ताप असताना त्याने आईशी भांडून शाळेत यायचं केलं, परिपाठाला उभा असताना चक्कर येऊन पडला, तेव्हा माझे डोळे उघडले. आणि जो पोरगा महिन्यात ८ दिवस यायचा तो १५ दिवस यायला लागला, खरं कौतुक त्याचं, त्याला काही नाही, कारण तो १ तारखेलाच स्पर्धेतून बाद झालेला. एक गैरहजेरी पडली की संपला त्याचा महिना, मग उरलेले दिवस तो कशासाठी येईल? द्यायचंच असेल तर मागच्या महिन्यापेक्षा जास्त दिवस आलेल्या प्रत्येकाला द्या, आणि वस्तू नको, काम द्या. घंटा वाजवायचं काम, परिपाठात सुविचार सांगायचं, झाडाला पाणी घालायचं, फळ्यावर तारीख लिहायची. आमच्याकडे घंटेसाठी पोरं पावणेदहाला हजर असायची. 'मी नाही गेलो तर घंटा कोण वाजवणार' हे जे लेकराच्या मनात येतं ना, ते दहा रुपयाच्या पेनने येत नाही.

याच्यावरून आठवलं ते सांगते कारण त्यातून मी फार शिकले. पोषण आहार योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, मी त्याच वर्षी नोकरीला लागले. तेव्हा खिचडी नव्हती, महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा आणि अट होती ८० टक्के हजेरीची. तांदूळ वाटायच्या दिवशी शाळेत पाय ठेवायला जागा नसायची, माय-बाप पिशव्या घेऊन हजर, पण रोजच्या हजेरीत मला फार फरक दिसला नाही. कारण लेकराला तांदूळ महिनाभराने दिसायचा आणि तो पण घरच्यांच्या पिशवीत. उलट ७८ टक्क्याला अडलेल्या पोराची माय समोर उभी राहिली की हात कॅटलॉगकडे जायचा, खरं सांगते, कुणाचं पोट अडवायचं जिवावर यायचं. पुढे २००१ ला सुप्रीम कोर्टाने शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला आणि त्यानंतर आपल्याकडे खिचडी आली, आणि तेव्हा चित्र बदललेलं मी स्वतः बघितलं. आज आलं तर आज गरम खायला, ताटात, सगळ्यांच्या पंगतीत. तसंच मुलींच्या उपस्थिती भत्त्याचं. १९९२ ला ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला सुरू झालेली ही योजना, दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या विमुक्तांच्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या दिवसाला १ रुपया. हेतू फार मोलाचा, पण आमच्या शाळेत तो पैसा हातात पडेपर्यंत वर्ष संपलेलं असायचं, त्या पोरीला माहीतच नसायचं की आज आपण आलो म्हणून रुपया जमा झाला. लेकरासाठी जे आहे ते आजच्या आज दिसलं पाहिजे. महिनाअखेर हा मोठ्यांचा हिशोब आहे.

ग्रुपवर नावं टाकणं पण थांबवा, आजच. तुम्ही चांगल्या मनाने केलं, मला कळतं, पण गावात त्याचं काय होतं माहितीये का, ज्याचं नाव आलं त्याच्या भावकीत चर्चा होते, बाप चिडतो, एक तर लेकराला मारतो नाहीतर शाळेवर राग धरतो. दोन्हीत नुकसान आपलंच. आणि ज्यांची लेकरं सगळ्यात जास्त गैरहजर असतात त्यांच्याकडे बऱ्याचदा तो मोबाईलच नसतो. ग्रुपवर टाकायचं तर आज शाळेत काय झालं ते टाका. मुलांनी चिखलाची भांडी केली, उद्या वजनकाटा आणून सगळ्यांची दप्तरं मोजणार आहोत, असलं काहीतरी. फोटोत आपलं पोरगं दिसलं नाही की मायच विचारते, तू कुठं होतास रे.

गृहभेट. यावर जरा सविस्तर लिहिते कारण सगळं इथेच जमतं किंवा बिघडतं. लेकरू गैरहजर पडलं तर त्याच दिवशी संध्याकाळी जायचं, आठ दिवस वाट बघून नाही. पहिल्या दिवशी कारण लहान असतं. चड्डी वाळली नव्हती, पोट दुखत होतं, वही संपली होती आणि सांगायची भीती वाटली. चौथ्या दिवशी त्याच कारणावर सवय चढलेली असते, आता कसं जायचं, सर काय म्हणतील. दोघं शिक्षक आहात, रोज सगळीकडे जाणं शक्य नाही हे मला माहितीये, तर आडव्या ओळी वाचल्यावर ज्या सात-आठ लेकरांच्या ओळीत गोल जास्त आहेत तेवढ्यांपुरतं ठरवा, बाकीच्यांना फोन किंवा शेजारच्या लेकराबरोबर निरोप. जायचं कधी, तर शाळा सुटल्यावर लगेच नको, तेव्हा घरी म्हातारी माणसं नाहीतर कुलूप असतं, माय-बाप रानातून दिवस मावळताना येतात. तुम्ही गावात राहत नसाल तर हे अवघड जातं, मग आठवड्यातून दोन दिवस उशिरा निघायचं ठरवा.

आणि दारात काय बोलायचं ते महत्त्वाचं. हातात कॅटलॉग, कागद काही नेऊ नका, कागद बघितला की माणसं घाबरतात, सही मागायला आले असं वाटतं. 'का नाही पाठवलं' हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. मी म्हणायचे, 'आज त्याची जागा रिकामी दिसली, मला करमलं नाही, बरंय ना त्याला?' एवढंच. मग चहा येतो, घ्यायचा, कोऱ्या चहाला नाही म्हणायचं नाही. मग आपोआप कळतं काय ते. पहिल्या भेटीत उपदेश करायचा नाही, शिक्षणाचं महत्त्व सांगायचं नाही, ते त्यांना माहितीये. ऊसतोड करणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, लेकरू शिकून काय व्हावं वाटतं, ती काय सांगते ऐका. प्रश्न महत्त्व कळण्याचा नाही, प्रश्न आजच्या दिवसाचा आहे.

एक चूक माझी सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी मोठी चार पोरं पाठवून गैरहजर मुलाला आणायला लावायचे. ती पोरं त्याला गल्लीतून ओढत, ओरडत आणायची, आम्हाला सगळ्यांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. एक पोरगा त्यांना बघून तुरीच्या रानात जाऊन लपला आणि संध्याकाळपर्यंत सापडला नाही. आईचा जीव अर्धा झाला होता, माझा पण. त्यानंतर मी ते कायमचं बंद केलं. शाळा म्हणजे पकडून नेतात ती जागा असं एकदा डोक्यात बसलं की मग काही उपाय नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला बंदी आहे, आणि मला विचाराल तर सगळ्या वर्गासमोर 'आलात का साहेब' म्हणणं हा पण त्रासच आहे.

म्हणून गैरहजेरीच्या दिवसापेक्षा परत आल्याचा दिवस जास्त जपा. यावर कुणी बोलत नाही. लेकरू तीन दिवसांनी आलं, तुम्ही हातच्याची वजाबाकी अर्ध्यावर आणलेली, त्याला काही कळत नाही, फळ्यावर बोलावलं, चुकलं, पोरं हसली. उद्या त्याचं पोट दुखणार. ते खोटं पण नसतं हो, खरंच दुखतं. हिशोब करून बघा, महिन्याला तीन दिवस गैरहजर म्हणजे कुणाला काही वाटत नाही, पण दहा महिन्यांत ३० दिवस झाले, आणि कायद्याने पहिली ते पाचवीचं वर्षच २०० दिवसांचं. पाचवीपर्यंत असंच चाललं तर त्याचे १५० दिवस गेले, म्हणजे पाऊण वर्ष. मी दोन गोष्टी करायचे. प्रत्येकाला एक जोडीदार ठरलेला, कोण गैरहजर असेल तर त्याच्या जोडीदाराने त्या दिवशी काय झालं ते एका जाड वहीत दोन-चार ओळीत लिहायचं किंवा चित्र काढायचं, आणि तो आला की मधल्या सुट्टीच्या आधी दहा मिनिटं दोघांनी बसायचं. आणि दुसरं, परत आलेल्याला त्या दिवशी जे येतं तेच विचारायचं, पाढा येत असेल तर पाढा, गाणं येत असेल तर गाणं. लेकरू घरी जाताना 'मला आज आलं' असं घेऊन गेलं पाहिजे.

आजारपणाच्या ओळी वेगळ्या बघा. वरचेवर एक-दोन दिवस आणि बरीच लेकरं एकाच वेळी, तर खरूज, डोळे, नाहीतर पाण्याचं काही असतं, आरोग्य केंद्राच्या ताईंना बोलवा, लेकरांच्या आरोग्य तपासणीचं पथक शाळेत येतं तेव्हा ही नावं हातात ठेवा. एक पोरगा मला वाटायचं आळशी आहे, तिसरीत आठवड्याला दोनदा दांडी, तपासणीत कळलं त्याला फळाच दिसत नव्हता. चष्मा लागला, दांडी संपली, त्यात माझं काहीच कौतुक नाही, उलट मी दीड वर्ष त्याला रागावले त्याचं वाईट वाटतं. संडासाला पाणी आहे का, कडी लागते का हे पण बघा, पाचवीच्या मुली याच्यावरून घरी थांबतात आणि तुम्हाला सांगणार नाहीत, बाई माणसाला सांगतील, तर तुमच्या स्वयंपाकी ताईंना विचारायला सांगा.

पालकसभेचं म्हणाल तर सभा शाळेत आणि दुपारी घेतली तर ९ जण येणारच, बाकीचे रोजाने गेलेले असतात, त्यांनी अर्धा रोज बुडवून यावं असं आपण म्हणू शकत नाही. रात्री आठला वस्तीवर, देवळाच्या पारावर घ्या, मायांना बोलवा. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असं कायदा म्हणतो, त्या बायका सह्यांपुरत्या ठेवू नका. माझ्याकडे समितीतल्या एका बाईने बाजाराच्या दिवसाचा प्रश्न एका रात्रीत सोडवला. ती म्हणाली, त्या दिवशी शेळ्या सगळ्या मिळून एकाच म्हाताऱ्याकडे चारायला द्या, मी बोलते त्याच्याशी. मला हे सात वर्षांत सुचलं नव्हतं. ओढ्याचं मात्र आम्हाला जमलं नाही, पूल झाला तेव्हाच ती लेकरं पावसात यायला लागली, तोवर पावसाच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी मोठं माणूस हात धरून पार करायचं एवढंच.

स्वतःच्या वेळेचं एक सांगते आणि राग मानू नका. सकाळी लेकरं आली आणि शाळेला कुलूप, असं आठवड्यातून एकदा जरी झालं तरी लांबच्या वस्तीवरचं पोरगं दुसऱ्या दिवशी अर्ध्या वाटेतून बघून मागे फिरतं. आणि पहिला तास मजेचा ठेवा, गोष्ट अर्धी सांगून उरलेली उद्या सांगा. मी एक गोष्ट २१ दिवस चालवली होती, त्या २१ दिवसांत उशिरा कुणी आलं नाही.

आता तुमची ती दोन मुलं. एक शेळ्यांमागे जातो म्हणालात आणि एक मुलगी घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेली. कागदाच्या भाषेत आपल्याकडे सलग महिनाभराच्या वर न आलेलं लेकरू शाळाबाह्य धरतात, तर केंद्रप्रमुखांना खरं ते लिहून द्या, हजेरीत गैरहजर ते गैरहजर दाखवा. आकडा चांगला दिसावा म्हणून एकदा खोटी हजर मांडली की ते लेकरू कागदावर शाळेत येऊन जातं आणि मग त्याला कुणी शोधतच नाही. मला एकदा वरून सुचवलं गेलं होतं की सगळा पट हजर दाखवा, तपासणी आहे. मी दाखवलं नाही, त्या वर्षी माझ्या गोपनीय अहवालात फार काही चांगलं लिहिलं गेलं नाही, पण तपासणीनंतरच हंगामी वसतिगृहाला मंजुरी मिळाली, कारण गैरहजर लेकरं कागदावर दिसली.

शेळ्यांवाल्याच्या बापाशी 'शेळ्या बंद करा' असं बोलू नका, शेळ्यांवर घर आहे त्यांचं. सकाळी चारून साडेदहाला येऊ दे, दप्तर शाळेतच ठेवू दे, एक महिना असं चालू द्या. उशीर झाला म्हणून रागवायचं नाही. अर्धा दिवस येणारं लेकरू पूर्ण दिवसावर आणता येतं, पूर्ण सुटलेलं आणणं फार जड जातं. आणि त्याला गणितात शेळ्यांचे हिशोब द्या, कोण किती दूध देते, बोकड किती किलोचा, पोरगं वर्गात सगळ्यांच्या पुढे असेल बघा.

मुलीचं अवघड आहे. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता असं धरतात, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, त्यामुळे जाणं टळत नाही. लेकरू मागे ठेवायला आजी-आजोबा असतील तरच थांबतं. ते गेल्यावर आपण काही करू शकत नाही असं वाटतं, पण करता येतं. तुमच्या गावातून तो मुकादम कोण आहे, कोणत्या कारखान्याला टोळी आहे हे दुकानावर विचारलं तरी कळेल, मुकादमाचा नंबर घ्या, त्याच्याकरवी बापाशी बोला. त्यांची कोपी, म्हणजे तिथली राहायची झोपडी, कोणत्या गावाच्या शिवारात आहे ते कळलं की तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना तुम्ही फोन करा, लेकराला तिकडच्या शाळेत बसवून घ्यावं म्हणून आम्ही शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवायचो, कार्ड नसेल तरी अडवता येत नाही, कागद नाहीत म्हणून प्रवेश नाकारायचा नाही हे कायद्यातच आहे. तरी खरं सांगू का, फडावर लेकरू शाळेत जाणं फार थोड्या वेळा जमतं, टोळी दर काही दिवसांनी हलते, पहाटे माय-बाप तोडीला गेले की कोपीत धाकटी भावंडं तिच्याकडेच असतात, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधायला पण ती लागते. म्हणून खरं काम पुढच्या दसऱ्याच्या आधी करायचं. ऑगस्टमध्येच यादी करा, कोण कोण जाणार, कुणाच्या घरी आजी आहे, मग समितीच्या ठरावाने हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव द्या, वेळेत. लेकरू आजीकडे झोपतं आणि सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवतं एवढीच ती सोय आहे, पण तेवढ्याने माझ्याकडे एका वर्षी २६ लेकरं गावात थांबली. उशिरा प्रस्ताव दिला त्या वर्षी दिवाळी झाली, मंजुरी नाही आली, आणि गाड्या भरून गेल्या. दोन महिने मी रिकाम्या वर्गात बसले सर, ते वर्ष मला आठवायला नको वाटतं.

तोपर्यंत तिचं नाव पटावरून काढू नका, कुणी सांगितलं तरी. आठवड्याला एकदा मुकादमाच्या नाहीतर बापाच्या फोनवर तिच्याशी वर्गाला बोलू द्या, दोन मिनिटं पुरतात. तिकडे काय दिसतं ते तिला विचारा, इकडे काय झालं ते पोरी सांगतील. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्चमध्ये, कधी एप्रिलमध्ये टोळ्या परततात, गाड्या बहुतेक रात्री येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तिच्या घरी जा, ती थकलेली असेल, केस राठ झालेले, हात चिरलेले असतील, म्हणेल सर सोमवारी येते. सोमवारी येईल तेव्हा तिची जागा तीच ठेवा, पुस्तकं जपून ठेवलेली असू द्या, आणि परीक्षेचं नाव निदान आठ दिवस तिच्यासमोर काढू नका. पहिल्या दिवशी तिला एवढंच सांगा की जोडीदारीणीने तुझ्यासाठी वहीत पाच महिन्यांचं लिहून ठेवलंय, बस आणि वाच.